बंद ऑफिसात पेन ड्राइव्ह कुणी लावला? विंडोज कॉम्प्युटरवरच्या खुणा कशा वाचायच्या

दोन वर्षांपूर्वी चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, पाच दिवसांची सुटी संपवून मी गोव्यात फोंड्यातलं ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे बाजारातल्या जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि जीएसटी-आयकराची कामं करणारी आम्ही तिघं. कीबोर्डच्या शेजारी पेन ड्राइव्हचं एक निळं टोपण पडलं होतं. आमच्यापैकी कुणाकडेच निळा पेन ड्राइव्ह नव्हता.

पुढच्या आठ दिवसांत मी जे जे केलं, त्यातलं निम्मं चुकलं. एका निरपराध मुलाला नको ते विचारून बसले, आणि जी यादी मला सगळ्यात उपयोगी पडली असती ती माझ्याच हाताने साफ केली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. कळेपर्यंत खुडबुड करत राहायची सवय आहे, एवढंच.

हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. पडद्यावरची नावं इंग्रजीत दिसतील. ती उच्चारायची तशी मी इथे लिहिली आहेत. आणि एक आधीच सांगते: हे स्वतःच्या किंवा स्वतःच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच करा. नवऱ्याचा, सुनेचा, शेजारच्या दुकानाचा कॉम्प्युटर त्यांना न विचारता असा चाळलात, तर कायद्याने परवानगीशिवाय शिरणारे तुम्हीच ठरता.

जवळ काय हवं

– वही आणि पेन. खरंच कागदाची वही. तपासायच्या कॉम्प्युटरवरच टिपणं काढू नका.
– फोटो काढायला मोबाइल.
– ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड. त्याशिवाय सिक्युरिटीच्या नोंदी उघडत नाहीत.
– ऑफिसातले सगळे पेन ड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्ड डिस्क, एका डब्यात गोळा करून.
– चाव्या कुणाकुणाकडे आहेत त्याची यादी, हजेरीपट, आणि कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण. कॅमेऱ्याचं घड्याळ बहुतेक वेळा चुकलेलं असतं. मोबाइलच्या वेळेशी ताडून किती मिनिटांचा फरक आहे ते लिहून ठेवा.

१. आधी हात आवरा

संशय आला की आपण घाबरून पहिली गोष्ट करतो ती म्हणजे साफसफाई. ओळखीचा दुकानवाला सांगतो, 'फॉरमॅट मार, नवीन विंडोज टाकून देतो.' तसं केलंत की खुणाही गेल्या आणि प्रश्नही तसाच राहिला.

मी फॉरमॅट मारलं नाही, पण फुकटात मिळणारं एक क्लीनर सॉफ्टवेअर चालवलं. म्हटलं, व्हायरस असेल तर जाईल. त्याने नुकत्याच उघडलेल्या फाइल्सची सगळी यादी पुसून टाकली. पायरी ८ मध्ये ही यादी लागते, आणि माझ्याकडे ती नव्हती.

तर क्लीनर नको, फॉरमॅट नको, विंडोजचं अपडेट नको. आपला पेन ड्राइव्हसुद्धा आता लावू नका. त्याचीही नोंद होते आणि चित्र गढूळ होतं. सापडलेला अनोळखी पेन ड्राइव्ह 'बघू या कुणाचा आहे' म्हणून तर अजिबात लावू नका. कॉम्प्युटरचं घड्याळ मोबाइलशी जुळतं का बघा, तारीख-वेळ वहीत लिहा आणि टेबलाचा आहे तसा फोटो काढा.

पैसे गेले असतील, किंवा प्रकरण कोर्टापर्यंत जाईल अशी रास्त शंका असेल, तर इथेच थांबा. कॉम्प्युटर बाजूला ठेवून थेट पायरी १० वाचा.

२. सीपीयूच्या मागे वाका

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही. कीबोर्डची वायर सीपीयूत शिरते तिथे मध्येच बोटाच्या पेराएवढा एखादा तुकडा जोडलेला नाही ना, ते बघा. टाइप केलेलं सगळं साठवणारे कीलॉगर तसेच दिसतात, आणि त्यांतले बरेच विंडोजला वेगळं उपकरण म्हणून दिसतच नाहीत. ओळखीचा नसलेला वायरलेस माउसचा छोटा रिसीव्हर दिसला तरी फोटो काढा. न वापरलेल्या पोर्टवर धूळ बसलेली असते. शेजारच्या चार पोर्टवर धूळ आणि एकच स्वच्छ असेल तर वहीत टीप करा. पुरावा म्हणून त्याला किंमत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

३. कॉम्प्युटर चालू तरी होता का?

ही पायरी मी शेवटी केली. ती पहिल्यांदा केली असती तर पुढचा घोळ झालाच नसता, म्हणून तुम्ही ती आधी करा.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. विंडोजने ठेवलेल्या नोंदवह्या इथे वाचता येतात. डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टम'. उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये इव्हेंट आयडीच्या रकान्यात हे नंबर स्वल्पविराम देऊन टाका:

– ६००५: नोंदी ठेवणारी सेवा सुरू झाली, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला.
– ६००६: तीच सेवा बंद झाली, म्हणजे कॉम्प्युटर नीट बंद केला.
– ६००८ आणि ४१: आधीच्या वेळी अचानक बंद पडला होता.
– २७: त्यातली 'कर्नल-बूट'ची नोंद तेवढी घ्या. 'फास्ट स्टार्टअप', म्हणजे कॉम्प्युटर लवकर चालू व्हावा म्हणून तो पूर्ण बंद न करण्याची सोय, चालू असेल तर बंद-चालू केल्यावर ६००५ दिसेलच असं नाही. तिथे ही उपयोगी पडते.
– १: त्यातली 'पॉवर-ट्रबलशूटर'ची. झोपलेला कॉम्प्युटर जागा झाल्याची ही नोंद.

गोव्यातल्या पावसाळ्यात इथे एक फसगत ठरलेली. वीज जाते, येते, आणि काही कॉम्प्युटर वीज येताच आपोआप चालू होतात, कारण त्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, तसं ठरवलेलं असतं. रात्री अडीचला ४१ आणि लगेच ६००५ दिसलं की छातीत धस्स होतं. त्याआधी शेजाऱ्याला विचारा, त्या रात्री वीज गेली होती का.

आता 'सिस्टम'च्या वरचं 'सिक्युरिटी' उघडा आणि ४६२४ नंबर गाळून घ्या. हा लॉगइनचा नंबर. नोंदी शेकड्यांनी निघतील, कारण विंडोजच्या आतल्या सेवाही लॉगइन करत असतात. त्यांचा 'लॉगऑन टाइप' ५ असतो, त्या सोडून द्या. २ म्हणजे कीबोर्डसमोर बसून केलेलं लॉगइन, ७ म्हणजे लॉक पडदा उघडणं, ११ म्हणजे साठवलेल्या पासवर्डावर झालेलं लॉगइन. हे तीन बघा. ४६२५ दिसला तर कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकून पाहिला होता. ११०२ दिसला तर सिक्युरिटीची नोंदवहीच कुणीतरी पुसली आहे. ते काम आपोआप होत नाही.

ही वही सहसा २० एमबीची असते. भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात, त्यामुळे महिन्याभराने शोधायला बसलात तर हाती काही लागेलच असं नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर चवथीच्या चौथ्या दिवशी सकाळी १०:३६ ला चालू झाल्याची नोंद होती, १०:३९ ला लॉगइन, ११:२५ ला बंद. चुकीचा पासवर्ड एकदाही नाही. नसणारच, कारण पासवर्डाची चिठ्ठी मीच कीबोर्डच्या पोटाला चिकटवली होती.

४. डिव्हाइस मॅनेजर: सगळ्यात सोपी खिडकी

स्टार्टवर राइट क्लिक, 'डिव्हाइस मॅनेजर'. वरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा. मग 'डिस्क ड्राइव्हज' उलगडा. कधीकाळी लावलेले आणि आता नसलेले पेन ड्राइव्ह फिकट चिन्हाने दिसतील.

एकेकावर दोनदा क्लिक करून 'डिटेल्स' टॅबवर जा. 'प्रॉपर्टी' नावाच्या लांबलचक यादीतून या चार गोष्टी बघा आणि वहीत उतरवा:

– 'फर्स्ट इन्स्टॉल डेट': या कॉम्प्युटरला तो पहिल्यांदा कधी लागला.
– 'लास्ट अरायव्हल डेट': शेवटचा कधी लागला.
– 'लास्ट रिमूव्हल डेट': शेवटचा कधी काढला.
– 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ': कंपनी, मॉडेल, आणि शेवटच्या तिरक्या रेघेनंतर सिरियल नंबर.

या सिरियल नंबरवर जरा थांबा. त्यातलं दुसरं अक्षर 'आणि'चं चिन्ह, म्हणजे अँपरसँड, असेल तर तो पेन ड्राइव्हचा स्वतःचा नंबर नव्हे. विंडोजने तात्पुरता दिलेला आहे. स्वस्तातल्या पेन ड्राइव्हना बऱ्याचदा स्वतःचा नंबर नसतो, नाहीतर एका लॉटला एकच असतो. अशा नंबरावरून 'हाच तो पेन ड्राइव्ह' असं म्हणता येत नाही.

आणखी एक खोच. 'शेवटचा' म्हणजे खरंच फक्त शेवटचा. रोज लागणाऱ्या पेन ड्राइव्हची सुटीतली नोंद सुटी संपून पहिल्याच दिवशी तो लावला की पुसली जाते. एकदाच आलेल्या पाहुण्याला पकडायला ही खिडकी उत्तम, घरच्या माणसाला पकडायला निरुपयोगी.

आता डब्यातले आपले पेन ड्राइव्ह यादीतून वजा करायचे आहेत. ते इथे लावू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यांचे नंबर काढा आणि ताडा. आमच्या यादीत अकरा नावं निघाली. नऊ आमची, एक एका क्लायंटचा मुलगा प्रोजेक्टची प्रिंट काढायला आला होता त्याचा, आणि एक कुणाचाच नाही.

हेच सगळं एका तक्त्यात हवं असेल तर निरसॉफ्टचं 'यूएसबीडीव्ह्यू' हे छोटं, फुकट साधन आहे. चांगलं आहे, पण ते त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या, आणि आधी वरची पायरी हाताने करा. तक्त्यातली तारीख कुठून आली हे कळत नसेल, तर त्या तारखेवर विश्वास किती ठेवायचा हेही कळत नाही.

५. पहिल्या भेटीची नोंदवही

सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात 'आयएनएफ' नावाचं फोल्डर आहे. त्यात 'सेटअपएपीआय' या शब्दाने सुरू होणाऱ्या काही लॉग फाइल्स असतात. मधे 'डेव्ह' असलेली आपली. तिची प्रत करून ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा आणि इंग्रजी अक्षरांत यू-एस-बी-एस-टी-ओ-आर असं सलग टाकून शोधा. नवं उपकरण पहिल्यांदा लागलं तेव्हा विंडोजने त्याची बसवाबसवी केली, ती इथे तारीख-वेळेसह असते, आणि ती वेळ कॉम्प्युटरच्या घड्याळाची, म्हणजे आपलीच असते.

विंडोजचं मोठं अपडेट झालं असेल तर ही फाइल नव्याने सुरू झालेली असते, आणि जुन्या उपकरणांच्या तारखाही अपडेटच्या दिवशीच्या दिसू शकतात. दहा पेन ड्राइव्ह एकाच मिनिटाला 'पहिल्यांदा' लागलेले दिसले, तर ती चोरांची टोळी नव्हे.

६. रजिस्ट्री

तीच नावं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सगळ्या सेटिंग्ज ठेवतं त्या कोठारात, 'करंट कंट्रोल सेट'खालच्या 'इनम' मध्ये, 'यूएसबीस्टोर' या कप्प्यात असतात. नवखे असाल तर तिकडे जाऊ नका. डिव्हाइस मॅनेजर तेच दाखवतो, आणि रजिस्ट्रीत चुकून डिलीट दाबलं तर 'अनडू' नाही.

७. प्रत्येक वेळेची नोंद, आणि माझा साडेपाच तासांचा गाढवपणा

परत इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या. डावीकडे 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज', त्यात 'पार्टिशन' आणि शेवटी 'डायग्नोस्टिक'. इथल्या १००६ नंबरच्या नोंदी बघा. डिस्क लागली की एक नोंद, काढली की एक. आत कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि क्षमता असते; काढतानाच्या नोंदीत क्षमता शून्य दिसते. लागण्या-काढण्याच्या दोन नोंदींची वजाबाकी केली की पेन ड्राइव्ह किती वेळ आत होता ते निघतं. ही वही लहान आहे आणि मोठ्या अपडेटनंतर रिकामी होऊ शकते, पण असेल तर सोनं.

आता गाढवपणा. १००६ ची नोंद उघडली की 'जनरल' टॅबवर फारसं काही नसतं. सगळा मजकूर 'डिटेल्स' टॅबवर असतो, आणि तिथे वेळेचाही एक रकाना असतो. मी तिथे वाचलं ०५:१२. पहाटे सव्वापाच!

आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या मुलाच्या घरचे फुलं विकतात. सणाच्या दिवसांत तो पहाटे बाजारात असतो, आणि ऑफिसची एक चावी त्याच्याकडे असते. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी त्याला समोर बसवून विचारलं. ओरडले नाही, पण ज्या आवाजात विचारलं तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. त्याने चावी टेबलावर ठेवली आणि गेला.

त्या वेळेच्या शेवटी इंग्रजी 'झेड' अक्षर होतं. त्याचा अर्थ, ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. भारतीय वेळ काढायला तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ०५:१२ म्हणजे सकाळचे १०:४२. 'जनरल' टॅबवर खाली 'लॉग्ड'समोर आपली वेळ लिहिलेली असते, तीच बघायची. शिवाय पायरी ३ आधी केली असती तर पहाटे सव्वापाचला कॉम्प्युटर बंदच होता हे दिसलंच असतं.

१०:४२ ते ११:२३, एक्केचाळीस मिनिटं. मी खाली गाळ्याच्या मालकांकडे गेले आणि विचारलं, चौथ्या दिवशी सकाळी कुणाला वर जाताना पाहिलंत का? ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगो, तुवेंच फोनार सांगिल्लें न्हय गो? प्रिंटराचो मनीस आयलो म्हणून?"

सांगितलं होतं. घरात आरती चालू होती, फोन एका कानाला, आणि मी 'हो हो, उघडून द्या' म्हणून फोन ठेवला होता. प्रिंटर दुरुस्तीवाला परप्रांतातला, त्याला चवथीची सुटी नव्हती. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला त्याने आपला पेन ड्राइव्ह लावला. तीन दिवसांनी मी त्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. तो परत आला, पण चावी मात्र त्याने आजतागायत घेतलेली नाही.

तेव्हा वहीत दोन रकाने करा: 'पडद्यावर दिसलेली वेळ' आणि 'भारतीय वेळ'. आणि कुणाला काही विचारण्याआधी त्या वेळेला तुम्ही स्वतः कुणाशी काय बोलला होता, ते मोबाइलच्या कॉल यादीत बघा.

८. काय उघडलं, काय नेलं?

प्रश्न खरा हा असतो, आणि इथे विंडोज सगळ्यात कमी बोलतं. आधीपासून खास सोय केलेली नसेल, तर कॉम्प्युटरवरची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी झाल्याची नोंद विंडोज ठेवत नाही. फाइलच्या प्रॉपर्टीजमधली 'ॲक्सेस्ड' तारीख पुरावा म्हणून वापरू नका. ती प्रत्येक वेळी बदलेलच असं नाही, आणि अँटिव्हायरसमुळेही बदलू शकते.

तरी आडून काही कळतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून इंग्रजीत 'शेल', मग विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह, आणि त्याला लागून 'रीसेंट' टाका. उघडलेल्या फाइल्सचे शॉर्टकट तारखेप्रमाणे दिसतील. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये मूळ जागा 'ई' किंवा 'एफ' ड्राइव्ह असेल, तर ती फाइल बाहेरच्या डिस्कवरून उघडली होती. त्याच एक्केचाळीस मिनिटांत 'सी' किंवा 'डी'वरची एखादी क्लायंटची फाइल उघडली असेल, तर प्रिंटरच्या माणसाला तिचं काय काम, हा प्रश्न उभा राहतो. माझी यादी क्लीनरने खाल्लेली, त्यामुळे माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. ड्रायव्हर टाकायला दहा मिनिटं पुरतात, हे मला आजही टोचतं. पण जुना प्रिंटर, मंद कॉम्प्युटर आणि एकटा माणूस म्हटल्यावर एक्केचाळीस मिनिटं लागूही शकतात.

पेन ड्राइव्हवरून एखादा प्रोग्राम चालवला का ते बघायचं असेल तर विंडोज फोल्डरातलं 'प्रीफेच' फोल्डर तारखेप्रमाणे लावा. चाललेल्या प्रोग्रामची नावं तिथे असतात. माझ्याकडे त्या वेळेला प्रिंटरच्या सेटअपचं नाव होतं. मालकांचं म्हणणं खरं ठरलं ते यावरून.

९. या यादीत न दिसणारे

मोबाइल. वायरने जोडलेला फोन बहुधा 'डिस्क ड्राइव्हज'मध्ये दिसत नाही, डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'पोर्टेबल डिव्हायसेस'मध्ये दिसतो. आजकाल खिशात पेन ड्राइव्ह कुणाच्या असतो? हा कप्पा विसरू नका.

कीबोर्डचं सोंग घेणारा पेन ड्राइव्ह. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत 'बॅडयूएसबी' दाखवलं. पेन ड्राइव्हच्या आतल्या चिपचा प्रोग्राम बदलला की तो कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून ओळख देतो आणि आपणच टाइप करतोय अशा थाटात हुकूम सोडतो. त्यामुळे लपलेली उपकरणं बघताना 'कीबोर्ड्स'चाही कप्पा उघडा; ऑफिसात एकच कीबोर्ड असताना तिथे तीन का, हे विचारा. लॅपटॉपमध्ये एकापेक्षा जास्त असणं मात्र नेहमीचं.

आणि पेन ड्राइव्हवरूनच सुरू केलेला कॉम्प्युटर. कुणी पेन ड्राइव्हवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, आणून त्यावर कॉम्प्युटर चालू केला, तर तुमचं विंडोज झोपलेलंच राहतं आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या वेळेची एक ओळही पडत नाही. पण डिस्कवरच्या फाइल्स त्याला उघड्या दिसतात. म्हणून 'नोंद नाही म्हणजे कुणी आलं नाही' असं म्हणू नका. याला उपाय नंतर शोधण्यात नाही, आधी कुलूप लावण्यात आहे. तो पायरी ११ मध्ये.

शिवाय चोराला पेन ड्राइव्ह लागतोच असं नाही. ब्राउझरमध्ये तुमचं ईमेल आणि व्हॉट्सॲप वेब उघडं असेल तर त्याचं काम तिथेच होतं. मेलच्या 'पाठवलेले'मध्ये आणि ब्राउझरच्या हिस्टरीतही डोकवा.

१०. पोलिसांकडे जायचं असेल तर

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ज्या ज्या वहीत काही सापडलं, तिच्यावर राइट क्लिक करून 'सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज' करा आणि नव्या कोऱ्या डिस्कवर ठेवा. ही डिस्क कधी लावली तेही वहीत लिहा, म्हणजे तिची नोंद नंतर कुणाला कोड्यात टाकणार नाही. पडद्याचे फोटो असे काढा की तारीख आणि नंबर वाचता येतील. मूळ कॉम्प्युटर मग वापरू नका. तुमच्या प्रती तुमच्या समजुतीपुरत्या. कोर्टाला मूळ वस्तू लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा खुणेचा आकडा, तेही लिहायचं असतं. हे वकिलाकडून करून घ्या. परवानगीशिवाय कॉम्प्युटर वापरणं आणि त्यातली माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं असेल तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं सोडून आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. बाकी तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टल, जवळचं पोलीस ठाणं, किंवा रायबंदरचं सायबर क्राइम पोलीस ठाणं. जाताना सोबत न्या: लेखी अर्ज, ओळखपत्र, कॉम्प्युटरचं बिल, वहीतल्या नोंदींची झेरॉक्स, फोटो, चाव्यांची यादी. अर्जात 'अमुक माणसाने चोरी केली' असं लिहू नका; 'अमुक दिवशी अमुक वेळेला, अमुक नंबरचं उपकरण लागल्याची नोंद दिसते' एवढंच लिहा. तुम्हाला तेवढंच माहीत आहे.

११. पुढच्या सुटीआधी

विंडोज प्रो असेल तर 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी' उघडून तिच्या प्रगत ऑडिट विभागात (इथे ऑडिट म्हणजे जास्तीच्या नोंदी ठेवणं) 'पीएनपी ॲक्टिव्हिटी' चालू करा. मग प्रत्येक नवं उपकरण सिक्युरिटीच्या वहीत ६४१६ नंबराने येतं. 'रिमूव्हेबल स्टोरेज' चालू केलंत तर बाहेरच्या डिस्कवर झालेल्या फाइलींच्या हालचाली ४६६३ नंबराने दिसू लागतात. नोंदी बदाबदा पडतात, म्हणून सिक्युरिटीच्या वहीचा आकार आधी वाढवा. विंडोज होममध्ये ही खिडकी नाही.

बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, लावा, आणि त्याची रिकव्हरी की छापून घरी ठेवा. बायोसला पासवर्ड घाला आणि पेन ड्राइव्हवरून चालू होणं बंद करा. लिनक्सवाल्या पाहुण्याला अडवायला या दोन्ही गोष्टी लागतात. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि एल.

ऑडिट चालू केल्याचं ऑफिसातल्या सगळ्यांना सांगा. चोरून ठेवलेला पहारा उघडा पडला की माणसं दुखावतात. माझ्याकडे आधीच एक दुखावलेला माणूस होता.

आणि एक रजिस्टर. बाहेरचा पेन ड्राइव्ह लागला की तारीख, वेळ, कुणाचा, कशासाठी, आणि कुणासमोर. आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर पहिली ओळ त्या प्रिंटरवाल्याची आहे, मागाहून लिहिलेली. टोपण पेनांच्या डब्यात आहे. न्यायला तो अजून आलेला नाही.